ड्राइव्हवे झाला, पण कर्ब उतरवायचा राहिला

इंग्लंडमधल्या रेडिंगहून एका मैत्रिणीचं पत्र आलंय. थोडक्यात सांगते. गेल्या वर्षी त्यांनी १९३० च्या सुमाराचं सेमी-डिटॅच्ड घर घेतलं, पुढे छोटी बाग होती, ती काढून ब्लॉक पेव्हिंग करून घेतलं, तीन मीटर रुंद आणि पाच मीटर वीस सेंटिमीटर खोल. पेव्हिंगवाला म्हणाला कर्बचं, म्हणजे फुटपाथच्या कडेच्या उंच दगडाचं, नंतर बघा, आत्ता रबरी रॅम्प टाका, सगळे तेच करतात. तीन महिने तसं चाललं आणि मग काउन्सिलचं पत्र आलं की फुटपाथवरून गाडी नेणं थांबवा, रॅम्प उचला. आता नवरा म्हणतोय की एक ओळखीचा बिल्डर रविवारी येऊन चारशे पौंडात कर्ब कापून देतो, कोण बघतंय. सासूबाई मे महिन्यात साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी येतायत, गुडघे दुखतात, त्यांना लांब पार्क केलेल्या गाडीपासून चालवत आणायचं का, असं तिने विचारलंय. आणि शेवटी लिहिलंय, "ताई, जागा आमची, पैसे आमचे, मग परवानगी कसली?"

अगं, सगळ्यात आधी रविवारचा बेत रद्द कर. बाकीचं नंतर वाचलंस तरी चालेल पण हे आजच कर.

तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते कारण सगळा घोळ तिथेच आहे. ड्राइव्हवे तुमचा आहे, पण तुमची हद्द जिथे संपते तिथपासून रस्त्यापर्यंतचा फुटपाथ आणि त्याच्या कडेचा तो दगड तुमचा नाही. आपल्याकडे पुण्यात बंगल्याला गेट बसलं की गवंडी त्याच दिवशी फुटपाथवर सिमेंटचा उतार ओततो आणि आपल्याला त्यात काही वावगं वाटत नाही, दारासमोरचं ते आपलंच असं मनात पक्कं बसलेलं असतं. इथे ड्रॉप्ड कर्बसाठी, म्हणजे गाडी चढायला खाली उतरवलेल्या कर्बसाठी, तू दोन-तीन हजार पौंड भरलेस ना, तरी तो कर्ब काउन्सिलचाच राहतो. तुला मिळतो तो फक्त फुटपाथ ओलांडून आपल्या दारात जायचा हक्क. हे एकदा मनाला पटलं की पुढच्या सगळ्या अटी त्रासदायक वाटल्या तरी अन्यायाच्या वाटत नाहीत. इंग्लंडमध्ये हे सगळं हायवेज अ‍ॅक्ट १९८० च्या कलम १८४ खाली येतं, काउन्सिलच्या पत्रात तो आकडा असेलच बघ. आणि फुटपाथवर गाडी चालवणं हा गुन्हा तर १८३५ च्या कायद्यापासून आहे, म्हणजे मोटारगाडी यायच्याही आधीपासून.

आता रविवारच्या बिल्डरबद्दल. त्याला दगड कापता येईल, त्यात काही मोठं नाही. पण फुटपाथच्या खाली काय आहे त्याला माहीत आहे का? विजेची केबल फुटपाथखाली साधारण ४५० मिलिमीटरवर असते, पाण्याची लाइन ७५० च्या आसपास, आणि टेलिफोनच्या, इंटरनेटच्या वायरी त्याहून वर, आणि हे नवीन कामाचे आकडे झाले, तुमच्या घराएवढ्या जुन्या रस्त्यात कुठली वायर कुठे वर आली असेल ते नकाशा मागवल्याशिवाय आणि केबल शोधायचं यंत्र फिरवल्याशिवाय कोणी सांगू शकत नाही. कर्ब नीट बसवायचा तर खोदावं लागतं, खाली काँक्रीट घालावं लागतं आणि मागचा फुटपाथसुद्धा उकरून जास्त जाड भरावा लागतो कारण तो माणसांच्या वजनासाठी केलेला असतो, दीड टनाच्या गाडीसाठी नाही. नुसता वरचा दगड कापला तर एका हिवाळ्यात फुटपाथ खचतो, फरशी हलायला लागते, आणि मग कोणी आजोबा तिथे अडखळून पडले तर जबाबदार कोण? तुम्ही. परवानगीने काम करणाऱ्या कंत्राटदाराकडे रस्त्यावर खोदकाम करायचं रीतसर सर्टिफिकेट असतं आणि लाखो पौंडांचा पब्लिक लायबिलिटी इन्शुरन्स असतो, चारशे पौंडातल्या माणसाकडे यातलं काहीही नसणार. आणि काउन्सिलने ते उखडून परत पहिल्यासारखं केलं तर तो खर्चही तुमच्याच माथी. म्हणजे चारशे गेले, परत बसवायचे गेले, आणि शेवटी रीतसर कामाचे पैसे द्यायचेच आहेत.

रबरी रॅम्पही आज उचल. मला माहितेय दुकानात मिळतात, शेजारच्या गल्लीत दोन जणांकडे आहेत. पण पाऊस पडला की रस्त्यावरचं पाणी कर्बच्या कडेकडेने वाहत जाळीपर्यंत जातं, मध्ये रॅम्प आला की ते तिथेच तुंबतं किंवा शेजाऱ्याच्या दारात पसरतं. सायकलवाल्याचं चाक अडकतं ते वेगळंच. आणि पांढरी काठी घेऊन चालणाऱ्या माणसाला कर्बची कड हीच खूण असते की इथे फुटपाथ संपला. म्हणून तर ड्रॉप्ड कर्ब बसवतानासुद्धा तो रस्त्याच्या अगदी सपाट करत नाहीत, गाडीसाठी साधारण २५ मिलिमीटरची कड ठेवतात, पाणीही अडतं आणि काठीलाही लागते. तू नोटीस आल्यावर घाबरलीस हे पत्रातून कळतंय, तर घाबरू नकोस, पत्रावर ज्या अधिकाऱ्याचं नाव आहे त्यांना साधी ईमेल कर, की रॅम्प काढलाय, गाडी रस्त्यावर लावतोय, व्हेइकल क्रॉसिंगसाठी (फुटपाथ ओलांडून गाडी नेण्याच्या रीतसर वाटेसाठी) अर्ज करतोय. एवढं लेखी गेलं की बहुतेक वेळा प्रकरण तिथेच शांत होतं.

आता अर्ज. तुझ्या बाबतीत एक सोय आहे, रेडिंगची काउन्सिल युनिटरी आहे, म्हणजे सगळी कामं एकाच काउन्सिलकडे, १९९८ साली बर्कशायर काउंटी काउन्सिल बंद झाली तेव्हापासून रस्ते आणि प्लॅनिंग (बांधकामाची परवानगी) दोन्ही एकाच ठिकाणी. सरे किंवा हर्टफर्डशायरमध्ये राहणाऱ्या आपल्या लोकांचा इथे फार गोंधळ होतो, कारण तिथे रस्ते काउंटीकडे आणि प्लॅनिंग बरो किंवा डिस्ट्रिक्टकडे, एकाकडून हो आलं की लोकांना वाटतं झालं काम, आणि दुसऱ्याला विचारलेलंच नसतं. ही दोन वेगळी होकारपत्रं आहेत. एक मिळालं म्हणजे दुसरं मिळालं असं कधीच धरू नका.

प्लॅनिंग परमिशन तुला लागेल का हे रस्त्यावर अवलंबून आहे. तू लिहिलंयस की समोरून बस जाते. बस जाते म्हणून काही ठरत नाही, रस्ता क्लासिफाइड आहे का ते बघायचं, म्हणजे ए, बी किंवा सी. क्लासिफाइड असेल तर नवीन रस्ता-प्रवेशासाठी प्लॅनिंगचा अर्ज लागतो, साधा गल्लीतला अनक्लासिफाइड रस्ता असेल तर साधारणपणे लागत नाही. काउन्सिलच्या हायवेज विभागाला एक ईमेल केलीस की सांगतात, किंवा त्यांच्या वेबसाइटवर रस्त्यांची यादी असते. (फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना, लिस्टेड बिल्डिंगवाल्यांना (वारसा म्हणून जपलेल्या इमारती) आणि काही कॉन्झर्व्हेशन एरियात (जपणूक केलेले जुने भाग) नियम वेगळे आहेत, त्यांनी आधी विचारूनच घ्या.) नवीन इस्टेटमध्ये घर असेल तर रस्ता काउन्सिलने ताब्यात घेतलाय का हेही बघावं लागतं, नाहीतर परवानगी डेव्हलपरकडून घ्यायची असते. तुमचा रस्ता जुना आहे त्यामुळे तो प्रश्न नसावा, पण टायटल रजिस्टर, म्हणजे घराच्या मालकीचा उतारा, लँड रजिस्ट्रीतून काढून एकदा वाच, काही पौंडांत ऑनलाइन मिळतं. कधीकधी पुढच्या बागेत गाडी लावायची नाही अशी जुनी अट त्यात असते, आणि फुटपाथच्या आतला गवताचा पट्टा भलत्याच कोणाच्या नावावर असतो.

मापं तू दिलीस ते बरं केलंस. पाच वीसची खोली चांगली आहे, बऱ्याच काउन्सिल किमान ४.८ किंवा ५ मीटर मागतात कारण गाडीचं शेपूट फुटपाथवर आलेलं त्यांना अजिबात चालत नाही. पण तू जो फोटो पाठवलास त्यात गेटच्या डावीकडे दिव्याचा खांब दिसतोय, त्याचं तू पत्रात काहीच लिहिलं नाहीस आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच आहे. बघ, कर्बचा एकेक दगड साधारण ९१५ मिलिमीटर लांब असतो. चार सपाट दगड धरले तर ३.६६ मीटर झाले, शिवाय दोन्ही टोकांना एकेक तिरका दगड लागतो, उंचावरून खाली उतरणारा, म्हणजे एकूण साडेपाच मीटरच्या आसपास. तुझा ड्राइव्हवे तीन मीटर असला तरी रस्त्यावर लागणारी जागा एवढी. खांब या साडेपाच मीटरमध्ये किंवा त्याला चिकटून आला तर काउन्सिल म्हणणार खांब हलवा, आणि तो खर्च अर्जदाराचा, हजाराच्या वर सहज जातो. म्हणून टेप घेऊन बाहेर जा, खांबापासून गेटपर्यंतचं अंतर मोज, दगड मोज, आणि अर्जासोबतच्या नकाशात क्रॉसिंग एक दगड उजवीकडे सरकवून दाखव. चारऐवजी तीन सपाट दगडांवर भागतं का तेही विचार, काही ठिकाणी चालतं. तिथेच फुटपाथवर पाण्याचं किंवा टेलिफोनचं झाकण आहे का तेही बघ, फोटो काढून अर्जाला जोड. रस्त्यावरचं झाड असतं तर मी तुला आत्ताच सांगितलं असतं की आशा कमी ठेव, झाडासाठी काउन्सिल सहसा हलत नाहीत आणि खरं सांगायचं तर हलूही नयेत.

आणि आता जे लिहायला मला जिवावर येतंय ते. तुमच्या पेव्हिंगचा प्रश्न आहे.

१ ऑक्टोबर २००८ पासून इंग्लंडमध्ये नियम असा आहे की घरापुढच्या बागेत पाच चौरस मीटरपेक्षा जास्त जागेवर पाणी न मुरणारी फरशी घालायची असेल तर प्लॅनिंग परमिशन लागते, फक्त दोन सुटका आहेत, एक म्हणजे फरशी स्वतःच पाणी मुरवणारी असावी, नाहीतर तिच्यावरचं पाणी तुमच्याच हद्दीतल्या मातीत, वाफ्यात जावं. २००७ च्या उन्हाळ्यात इंग्लंडभर पूर आले होते, त्यात नदीपेक्षा गटारं तुंबून शिरलेलं पाणी खूप होतं, त्यातून हा नियम आला. तुमचं क्षेत्रफळ साडेपंधरा चौरस मीटरच्या वर आहे. तू लिहिलंस की ब्लॉक साधे आहेत, खाली वाळू आणि उतार रस्त्याकडे, "पाणी साचू नये म्हणून". म्हणजे तुमचं पावसाचं पाणी सरळ फुटपाथवर जातंय, आणि ड्राइव्हवेचं पाणी सार्वजनिक रस्त्यावर सोडायचं नाही हेही त्याच हायवेज अ‍ॅक्टमध्ये आहे. क्रॉसिंगसाठी माणूस पाहणीला येईल तेव्हा तो आधी हेच बघेल.

पेव्हिंगवाला म्हणेल हद्दीवर एक चॅनेल ड्रेन (जाळीची अरुंद नाली) टाकतो, शंभर-दोनशेत होईल. ठीक आहे, पण त्या ड्रेनमधलं पाणी पुढे कुठे जाणार हे त्याला विचार. जमिनीत खड्डा करून दगड भरून सोकअवे करतो म्हणाला तर तो इमारतीपासून आणि रस्त्यापासून पाच पाच मीटर लांब हवा असं बिल्डिंग रेग्युलेशन्सचं मार्गदर्शन आहे, आणि तुमची अख्खी बागच पाच वीस. तिथे ते बसतच नाही. मला दोनच मार्ग दिसतात. एक, एका बाजूचा पाऊण-एक मीटरचा पट्टा उखडून वाफा कर, ड्राइव्हवेचा उतार त्या वाफ्याकडे वळवून घे, लॅव्हेंडर, फर्न काहीही लाव, पाणी त्यात मुरेल. पण मग गाडीला रुंदी कमी पडते, तीनातून एक गेला की दार उघडायला अडचण, त्यामुळे घराच्या रुंदीत शेजारी अजून मातीची जागा शिल्लक असेल तरच. दुसरा, तेच ब्लॉक काढून खाली वाळूऐवजी बारीक चुरा नसलेली खडी भरून पाणी मुरणारे ब्लॉक परत घालणं. महाग आहे, पण कायमचं आहे.

थांब, लगेच त्याला बोलावू नकोस. हद्दीवर फुटपाथची उंची किती राहणार हे काउन्सिल ठरवते, क्रॉसिंग कर्बपासून वर चढत तुमच्या हद्दीपाशी येतं, आणि तुमची फरशी त्याला येऊन मिळायला हवी. आधी काउन्सिलचा होकार आणि त्यांची लेव्हल, मग आपली दुरुस्ती. उलटं केलंस तर दुसऱ्यांदा उखडावं लागेल. खरं तर पहिल्यांदाच हा क्रम ठेवायचा असतो, पण कोणी सांगितलंच नाही तर तुला कसं कळणार, म्हणून स्वतःला दोष देऊ नकोस.

आमच्याही बाबतीत असंच झालं होतं. आम्ही घर घेताना एजंटच्या जाहिरातीत स्पष्ट लिहिलं होतं, ऑफ-स्ट्रीट पार्किंग. बागेत खडी होती, आधीच्या मालकाची गाडी तिथेच उभी असायची, आम्ही बघायला गेलो तेव्हाही होती. किल्ली मिळाल्यावर पहिल्या दिवशी गाडी वळवली आणि धाडकन आवाज आला, कर्ब पूर्ण उंचीचा होता, वर्षानुवर्षं ते तसेच चढवत होते. सर्व्हेयरच्या रिपोर्टात नाही, आमच्या सॉलिसिटरने विचारलं नाही, आणि आम्ही खाली बघितलंच नाही. पोटात गोळा आला होता तेव्हा. आमची बाग मोजली तर ४.५ मीटर निघाली आणि अर्ज नाकारला गेला. पुढे पोर्चची जुनी भिंत पाडून खोली वाढवली आणि दुसऱ्यांदा हो मिळालं, पण त्यात दीड वर्ष गेलं. तेव्हापासून घर घ्यायला निघालेल्या प्रत्येकाला मी एवढंच सांगते, ड्राइव्हवे बघू नका, फुटपाथची कड बघा, आणि ती खाली असेल तर परवानगीचा कागद मागा.

खर्चाचं. अर्जाची फी वेगळी, ती नाकारलं तरी बहुधा परत मिळत नाही. काम धरून साध्या क्रॉसिंगला बऱ्याच ठिकाणी दीड ते तीन हजार पौंडांपर्यंत जातात, फुटपाथ रुंद असेल, खांब-झाकणं हलवायची असतील तर त्याहून वर. काही काउन्सिल स्वतःचेच लोक पाठवतात, काही ठिकाणी त्यांच्या मान्यताप्राप्त यादीतून कंत्राटदार आपण निवडायचा, यादी असेल तर तिघांकडून भाव घे, फरक पडतो. कोटेशनला मुदत असते, ती चुकवू नकोस. पाहणी, कोटेशन, पैसे, काम असं धरून दोन-चार महिने मनात ठेव.

शेजाऱ्यांशी आधी बोल, ही माझी मनापासूनची विनंती. तुमच्या दारासमोर रस्त्यावर आज जी एक गाडी लागते ती जागा गल्लीतून जाणार, आणि समोरच्या त्या आजी, ज्यांच्याकडे दर आठवड्याला मुलगा येतो असं तू लिहिलंस, त्यांची जागा तीच असणार. अर्ज टाकायच्या आधी जाऊन सांगून ये. तुमच्या दारापुढे रहिवासी परमिटचा पार्किंग बे रंगवलेला असेल तर तो पुसायला वेगळा ट्रॅफिक ऑर्डर लागतो, त्याला वेळही लागतो आणि पैसेही, तेवढं तपासून घे.

कर्ब झाल्यावर कोणी समोर गाडी लावली तर ट्रॅफिक मॅनेजमेंट अ‍ॅक्ट २००४ च्या कलम ८६ मुळे काउन्सिल त्याला दंडाची नोटीस लावू शकते, घरासमोरच्या ड्राइव्हवेच्या बाबतीत ते बहुधा तुम्ही फोन केल्यावरच येतात. तुमच्याकडे आलेल्या पाहुण्याने तुमच्या संमतीने लावली तर चालतं, शेअर्ड ड्राइव्हवे असेल तर मात्र नाही. रस्त्यावर ती पांढरी एच आकाराची रेघ मारून मिळते पैसे भरून, ती फक्त सूचना आहे, पण लोक तिला मान देतात असा माझा अनुभव आहे.

सासूबाईंचं. मे पर्यंत काम होईल असं मी छातीठोक सांगणार नाही, खांबाचं निघालं तर होणारच नाही. पण त्यांना लांबून चालवायची गरज नाहीये. माणूस चढवायला-उतरवायला दारासमोर गाडी थांबवता येते, अगदी डबल यलो लाइन (पार्किंगला बंदी) असली तरी, लंडनच्या रेड रूटवर, म्हणजे लाल रेघांच्या रस्त्यांवर, मात्र हे चालत नाही. नवऱ्याने दारात उतरवावं, तू हात धरून आत न्यावंस, आणि मग त्याने गाडी लांब लावून यावं. कर्बची उंची शंभर-सव्वाशे मिलिमीटर असते, दुखऱ्या गुडघ्याला ती पायरीसारखी लागते, म्हणून गाडी कर्बला अगदी चिकटवून उभी करा म्हणजे त्या आधी रस्त्यावर उतरून मग वर चढण्याऐवजी थेट फुटपाथवर पाय ठेवतील. खांबाचं अंतर मोजलंस की मला कळव, नकाशा अर्जाला लावायच्या आधी मी एकदा बघते.